एका गाण्याच्या तीन तबकड्या

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास नोकरीला आहे. त्याला ग्रामोफोनच्या तबकड्या जमविण्याचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत तो गावी आला, तेव्हा कपड्यांच्या पेटीबरोबर तबकड्या वाजविण्याचे यंत्रही घेऊन आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला एक ऐकवायचे आहे." त्याने एक तबकडी काढून लावली. वेष्टनावर इंग्रजीत गायकाचे नाव होते, मडी वॉटर्स. आणि तबकडीचे नाव होते, 'फोक सिंगर'. म्हणजे लोकगायक.

त्या तबकडीत फार थोडी वाद्ये होती. लाकडी गिटारीच्या तारा छेडल्याचा आवाज, कुठेतरी मागे हलकेच पडणारा ढोलाचा ठोका, आणि एक भरदार, सावकाश, जणू जमिनीतून वर येणारा आवाज. गाणारा एखादी ओळ म्हणे आणि थांबे. त्या थांबण्यातही काही गायले जात आहे असे वाटे. ओटीवर अंधार पडला होता; दिवा लावायला कोणी उठले नाही.

तबकडी संपल्यावर मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "याला म्हणतात अस्सल! यात कसलीही मिसळ नाही. विजेचा कर्णा नाही, स्टुडिओतली कारागिरी नाही. शेताच्या बांधावर बसून गायलेले जुने गाणे आहे हे."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, हे १९६३ साली शिकागोच्या स्टुडिओत केलेले आहे. हा मनुष्य तोपर्यंत अठरा-वीस वर्षे विजेची गिटारच वाजवीत होता. ही लाकडी गिटार कंपनीने त्याच्या हातात पुन्हा दिली."

मी ओशाळलो. माझ्या ओशाळण्याला आणखीही एक कारण होते. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण खरे म्हणजे त्याच्याचसाठी हा लेख लिहावयास बसलो आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. सवडीने कादंबऱ्या लिहितो. संगीतशास्त्र मला येत नाही. पण त्या विद्यार्थ्याने नंतर पाठविलेली पुस्तके मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, तबकड्या पुनःपुन्हा ऐकल्या, आणि त्यांतून एका गाण्याची जी हकीकत मला समजली ती वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्याच्या वायव्य भागात नदीच्या गाळाने बनलेला सपाट, काळाभोर प्रदेश आहे. त्याला तिकडे डेल्टा म्हणतात. तेथे कापूस पिके. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांचीच राहिली आणि काळी कुटुंबे ती अर्धेलीने कसू लागली. हंगामात मळेवाल्याच्या दुकानातून उधारीवर पीठमीठ घ्यावयाचे, आणि सुगीनंतर हिशेब झाला म्हणजे हातात काही उरावयाचे नाही, अशी ती व्यवस्था. आपल्याकडील वाचकाला हे फार समजावून सांगावयास नको.

या लोकांत विसाव्या शतकाच्या आरंभी जे गाणे तयार झाले त्याला 'ब्लूज' हे नाव पडले. त्याचा बांधा साधा आहे. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. चार मात्रांचा एक खंड, अशा बारा खंडांचे एक आवर्तन. स्वरांची गंमत अशी, की आपला कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधली एक जागा हे गायक धरतात. पियानोच्या पट्ट्यांत ती जागा सापडत नाही, गळ्यात सापडते. गिटारीवर ती काढण्यासाठी ते बाटलीची तोडलेली मान बोटात घालून तारेवरून सरकवितात. आपण तिला मींड म्हणू.

मडी वॉटर्सचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. जन्म १९१३ सालचा. आई लहानपणीच गेली. क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल यांच्या मळ्यावर आजीने त्याला वाढविले. चिखलात खेळे म्हणून 'मडी', म्हणजे मातकट, हे नाव तिनेच ठेवले. सतरा वर्षांचा असताना त्याने घरचे शेवटचे घोडे विकले. पंधरा डॉलर आले. निम्मे आजीला दिले, उरलेल्यांतून अडीच डॉलरला एक जुनी गिटार घेतली. ही हकीकत तो स्वतःच सांगत असे, आणि तिला जोडून आणखी एक गोष्ट सांगे. अशा गिटारी आमच्याकडची माणसे टपालाने मागवीत, कंपनीचे मोठे सूचिपत्र येई, त्यात पाहून. ती कंपनी होती शिकागोची.

ही गोष्ट वाचून मी थांबलो. ज्या लाकडी गिटारीला आपण शेतावरचे मूळचे वाद्य समजतो, ती मुळात शहरातल्या कारखान्यात बनून टपालाने आलेली होती!

आता त्या गाण्याकडे येतो.

१९४० च्या एप्रिल महिन्यात मिसिसिपीतील नॅचेझ या गावी एका नृत्यगृहाला आग लागली आणि दोनशेहून अधिक काळी माणसे जळून मेली. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात जॉन वर्क नावाचे संगीताचे कृष्णवर्णीय प्राध्यापक होते. अशा घटनेवर लोक गाणी कशी रचतात याचा अभ्यास करावा, असे त्यांच्या मनात आले. त्यातून पुढे एक मोठी पाहणी ठरली, आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे ॲलन लोमॅक्स हा तरुण गोरा संग्राहक तीत सामील झाला. ऑगस्ट १९४१ मध्ये हे दोघे मोटारीत ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र घालून स्टोव्हलच्या मळ्यावर आले.

मडी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. दिवसा शेतावर काम करी आणि रात्री आपल्या खोपटात लोकांना चोरटी दारू विकून गाणेबजावणे करी. गोरा मनुष्य आपल्याला शोधीत आहे हे कळताच त्याला वाटले, हा दारूबंदीचा शिपाई असणार. ती भीती कशाने गेली हे त्याने पुढे सांगितले आहे. त्याने पाणी प्यायल्यावर लोमॅक्सने त्याच भांड्याने पाणी प्यायले. त्या मुलखात गोरा मनुष्य असे कधी करीत नसे. पाण्याच्या भांड्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या देशातील माणसाला परक्याने सांगावे लागत नाही.

त्या दिवशी खोपटात जी गाणी मुद्रित झाली त्यांतील एकाला 'कंट्री ब्लूज' असे नाव दिले गेले. ही या गाण्याची पहिली तबकडी. गाणे संपल्यावर लोमॅक्सने त्याला विचारले, हे गाणे तू केव्हा केलेस? मडीने उत्तर दिले, १९३८ च्या ऑक्टोबरात, मोटारीच्या चाकाचे पंक्चर काढीत असताना. पण बोलता बोलता तो असेही म्हणाला, की हे कापसाच्या शेतातून आलेले आहे. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या मुलाने याची तबकडी काढली आहे. आणि आपण ते त्यापूर्वीच सन हाउस या वडीलधाऱ्या गायकाकडून शिकलो होतो. म्हणजे मी केले, शेताने दिले, तबकडीवर आले, गुरूने शिकविले, अशी एका गाण्याच्या जन्माची चार उत्तरे त्याने एका दमात दिली. त्यांतील एकही त्याला दुसऱ्याच्या विरुद्ध वाटले नाही. पोथीतले पाठभेद जुळविणाऱ्या पंडिताला हा गोंधळ वाटेल. गाणाऱ्याला ती चारही उत्तरे खरी वाटत होती, आणि मला वाटते, ती खरी होती.

पाहणी करणाऱ्यांनी मडीला येणाऱ्या गाण्यांची यादीही टिपून घेतली होती. तिच्यात ब्लूज होतेच. पण जीन ऑट्री या गोऱ्या सिनेनटाची, घोड्यावर बसून गायलेली गाणीही होती. गावातल्या जूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजविणाऱ्या पेटीत, शहरी वाद्यवृंदांच्या तबकड्या होत्या. मडीला हे सर्व वाजवावे लागे, कारण शनिवारी रात्री नाचावयास येणाऱ्यांना ते हवे असे. लोमॅक्सला मात्र त्यातले जुने तेवढे हवे होते. त्याने तेवढेच घेतले. जे घेतले ते अनमोल होते, यात शंका नाही. तो आला नसता तर कदाचित मडीचा आवाज मळ्यावरच विरून गेला असता. पण चाळणीतून काय खाली पडले तेही पाहिले पाहिजे. खुद्द प्राध्यापक वर्क त्या चाळणीतून पडले. लोमॅक्सने १९९३ साली या प्रवासांवर मोठे पुस्तक लिहिले, त्यात त्यांचा उल्लेख नाममात्र आहे. वर्क १९६७ सालीच वारले होते. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची टिपणे छापून निघाली ती २००५ साली.

काही काळाने लोमॅक्सने मडीला तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा चेक पाठविला. लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून सरकारी ग्रंथालयात जपलेल्या त्या मुद्रिकेची एक प्रत मडीने काय केली? कोपऱ्यावरच्या जूकबॉक्समध्ये नेऊन लावली. इतरांच्या तबकड्यांच्या रांगेत आपलीही एक! संग्राहकाच्या दृष्टीने जो ठेवा होता तो त्याच्या दृष्टीने बाजारात टाकावयाचा माल होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे त्याला पहिल्यांदाच कळले. आपण यात कमी नाही, हेही कळले.

१९४३ च्या मे महिन्यात त्याने मळा सोडला. ट्रॅक्टर चालविण्याबद्दल त्याला तासाला साडेबावीस सेंट मिळत. त्याने पंचवीस मागितले. मुकादमाने नकार दिला. अडीच सेंटांसाठी हा मनुष्य आगगाडीत बसून सुमारे हजार किलोमीटर दूर शिकागोला निघून गेला. तो एकटा नव्हता. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे साठ लाख काळी माणसे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. जी मागे राहिली त्यांची गरजही सरत चालली होती. १९४४ साली क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन यांच्या मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

शिकागोत मडीने कागदाच्या कारखान्यात काम केले, मालाची मोटार चालविली, आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत गाऊ लागला. तेथे एक अडचण आली. गुत्त्यात माणसे बोलत, हसत, भांडत, ग्लास आपटीत. लाकडी गिटार कोणाला ऐकूच जाईना. तेव्हा एका मामाने त्याला विजेची गिटार दिली. विजेची गिटार हाती घेण्यामागे एवढेच कारण होते. परंपरा मोडावी असे त्याच्या मनात नव्हते, आधुनिक व्हावे असेही नव्हते. समोरच्या माणसाला ऐकू जावे, इतकेच होते.

१९४८ च्या एप्रिलमध्ये ॲरिस्टोक्रॅट कंपनीसाठी त्याने तेच गाणे पुन्हा गायले. आता त्याचे नाव झाले 'आय फील लाइक गोइंग होम', म्हणजे घरी जावेसे वाटते. ही दुसरी तबकडी. हातात विजेची गिटार आणि साथीला बिग क्रॉफर्डचे मोठे बास व्हायोलिन, एवढाच संच. बोटात बाटलीची मान तीच होती. पण आता ती मींड भिंती कापीत जाणाऱ्या पात्यासारखी ऐकू येते. कंपनीच्या चालकांत लिओनार्ड चेस होता. हा आणि त्याचा भाऊ फिल मूळचे पोलंडकडून आलेले ज्यू. लिओनार्डला हा मनुष्य काय गातो तेच प्रथम कळले नाही, असे सांगतात. पण पहिली आवृत्ती एका दिवसात संपली. मडी स्वतः प्रती घ्यावयास गेला तर दुकानदाराने त्याला एकाहून अधिक दिली नाही, असे तो पुढे सांगत असे. दक्षिणेतून आलेल्या हजारोंनी घरी जावेसे वाटते हे गाणे विकत घेतले. घरी मात्र फारसे कोणी गेले नाही. घर सोडल्याखेरीज ते गाणे उमजण्याजोगे नव्हते, आणि घर सोडण्याचा आवाज त्या विजेच्या तारेत होता.

पुढच्या दहा वर्षांत मडीच्या संचात बाजा वाजविणारा लिटल वॉल्टर, पियानोवादक ओटिस स्पॅन असे एकाहून एक गुणी लोक आले. १९५० साली त्या कंपनीचे नाव 'चेस' झाले. याच साली मडीने गायलेल्या एका गाण्यावरून बारा वर्षांनी लंडनच्या काही पोरांनी आपल्या मेळाचे नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवले.

आता एक मजा पाहा. १९५८ साली मडी आणि स्पॅन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. तिकडच्या रसिकांनी तोपर्यंत ब्लूज ऐकला होता तो बहुधा बिग बिल ब्रून्झीच्या तोंडून, लाकडी गिटारीवर. मडीने आपली विजेची गिटार मोठ्याने वाजविली आणि अनेकांना धक्का बसला. हे गाणे नव्हे, हा तर गोंगाट, अशी कुरकुर झाली. गंमत म्हणजे हा ब्रून्झी स्वतः शिकागोत वाद्यमेळ घेऊन शहरी थाटात गाणारा होता. युरोपात लोकांना आवडते म्हणून तो तेथे एकटाच, खेडवळ होऊन गाई. १९६३ साली मडी पुन्हा इंग्लंडला गेला, तेव्हा मागचे आठवून त्याने लाकडी गिटार नेली. तोपर्यंत तिकडची तरुण पोरे विजेच्या गिटारी घेऊन त्याचीच गाणी वाजवू लागली होती. त्यांनी विचारले, तुमची विजेची गिटार कुठे आहे?

याच वर्षीच्या सप्टेंबरात 'फोक सिंगर' ही तबकडी मुद्रित झाली, आणि १९६४ साली ती बाहेर पडली. अमेरिकेत तेव्हा लोकगीतांची लाट आली होती. महाविद्यालयांतील गोरी मुले लाकडी गिटारी घेऊन जुनी गाणी गात होती, आणि चेस कंपनीला त्या बाजारात शिरावयाचे होते. म्हणून पन्नाशीला पोचलेल्या, शहरात मुरलेल्या या माणसाला पुन्हा लोकगायक करण्यात आले. साथीला दक्षिणेकडचा एखादा जुना वादक आण, असे त्याला सांगितले गेले. मडीने आणला तो बडी गाय, सत्तावीस वर्षांचा, विजेच्या गिटारीवर धिंगाणा घालणारा पोरगा. बडी गाय सांगतो, की लिओनार्ड चेस प्रथम संतापला. पण त्याने लाकडी गिटारीवर हात ठेवताच गप्प झाला. विली डिक्सन बासवर होता, क्लिफ्टन जेम्स ढोलावर.

तबकडीत नऊ गाणी आहेत, आणि शेवटचे आहे तेच, 'फील लाइक गोइंग होम'. ही तिसरी तबकडी.

लेबलाने मला फसविले हे खरे. पण लेबल खोटे ठरले म्हणून तबकडी खोटी ठरते का? मी ती त्यानंतर अनेकदा ऐकली आहे. १९४१ च्या मुद्रिकेत मडी वाजवितो तो समोरच्यांना नाचविण्यासाठी. १९४८ साली वाजवितो तो गोंगाटाच्या वर उठण्यासाठी. १९६३ साली मात्र गोंगाट नाही, नाचणारे नाहीत. स्टुडिओची शांतता आहे आणि श्वासही टिपणारा मायक्रोफोन आहे. खोपटात एवढी शांतता त्याला कधी लाभली नव्हती. म्हणून तो कुजबुजतो, थांबतो, एक स्वर लावून तो विरेपर्यंत वाट पाहतो. मोजलेल्या बारा खंडांना तो बांधून घेत नाही. वाटेल तेथे ओळ लांबवितो, आणि बडी गाय, जेम्स, डिक्सन हे शहरी वादक श्वास रोखून त्याच्या मागे चालतात. जुन्या वाद्यावर नव्या यंत्राने केलेले हे नवे गाणे आहे. मी जे अस्सल जुने म्हणून ऐकले ती अगदी आधुनिक वस्तू होती, आणि ती अस्सलही होती.

यापुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६८ साली लिओनार्डचा मुलगा मार्शल चेस याने उलट टोक गाठले. तरुणांना आवडावे म्हणून मडीभोवती कर्कश रॉक वाद्यमेळ उभा करून 'इलेक्ट्रिक मड' नावाची तबकडी काढली. समीक्षकांनी ती झोडपली; मडीलाही ती मनापासून आवडली नाही. चार वर्षांत एकच कंपनी त्याला एकदा फार जुना करते आणि एकदा फार नवा! मग १९७७ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, जॉनी विंटर या त्याच्या गोऱ्या चाहत्याने 'हार्ड अगेन' ही तबकडी करवून घेतली. विंटरने त्याच्यावर काही लादले नाही. त्याची जुनी गाणी, त्याच्या हाताखाली वाढलेली माणसे, विजेच्या तारा, आणि एका खोलीत सर्वांनी मिळून वाजविण्याचा आनंद. ती ऐकताना जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले हे शोधण्याचे भानच राहत नाही. तिला १९७८ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ते 'वांशिक अथवा पारंपरिक' या वर्गातले होते. ज्या विजेच्या आवाजाला वीस वर्षांपूर्वी इंग्लंडात परंपरेचा घात म्हटले होते, तोच आता परंपरा म्हणून गौरविला गेला. ३० एप्रिल १९८३ रोजी मडी वॉटर्स वारला. त्याच्या खोपटाच्या भिंती आज क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. बडी गाय २०११ साली मुंबईस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन गाऊन गेला. मला तेव्हा त्याचे नावही ठाऊक नव्हते.

आता माझे राहिलेले सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात लोककलांचा कार्यक्रम करावयाचे ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. शेजारच्या गावचे एक वृद्ध गोंधळी मला ठाऊक होते. मी त्यांना बोलावले. ते संबळ, तुणतुणे घेऊन आले. बरोबर त्यांचा मुलगा होता, आणि त्याच्या काखेत सुरांच्या पट्ट्यांची एक विजेवरची पेटी आणि एक कर्णा होता. लग्नाकार्यात ते दोघे अलीकडे तसेच गात. ती पेटी पाहताच माझे कपाळ आठ्यांनी भरले. मी म्हणालो, "नाना, हे यंत्र आत नको. मुलांना मूळचे ऐकवायचे आहे." म्हातारा काही बोलला नाही. त्याने मुलाकडे पाहिले. मुलगा पेटी घेऊन पटांगणाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसला, तो कार्यक्रम संपेपर्यंत तेथेच बसून राहिला.

नाना सुरेख गायले. एका चालीवर तर मुलांनी ठेका धरला. मी आभाराच्या भाषणात म्हणालो, की ही शेकडो वर्षांची शुद्ध चाल आज आपण ऐकली. आणि रात्री माझ्या टिपणवहीत तसेच लिहूनही ठेवले. पण त्याआधी, बिदागीचे पाकीट घेताना नाना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, रागावू नगा. तुमी ज्या चालीचं लई कौतुक केलं, ती माझ्या बापानं शिनेमातनं उचलली व्हती. तवा गावातली जुनी माणसं त्याला बोलली, की गोंधळ बाटवला म्हनून." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. मला चुकीचे कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मी हसून विषय बदलला, आणि वहीत तरीही 'शुद्ध' असेच लिहिले.

विद्यार्थ्याने ती तबकडी ऐकविली तेव्हा मी ओशाळलो तो यामुळे. मी दोनदा तेच केले होते. कालच्या नव्याला आज जुने म्हणून नमस्कार केला, आणि आजच्या नव्याला लिंबाखाली बसविले. शुद्धतेचा आग्रह धरताना माझे काही गेले नाही. त्या मुलाची मात्र शंभर पोरांसमोर बापाच्या शेजारी बसण्याची एक दुपार गेली. लोमॅक्सने निदान त्या भांड्याने पाणी प्यायले होते. मी तेवढेही केले नाही.

नवे ते सारे चांगले, असे मी म्हणत नाही. 'इलेक्ट्रिक मड' ऐकल्यावर तसे कोणी म्हणणारही नाही. मला एवढेच उमजले, की गाणे जुने ठेवावे की नवे करावे हे ज्याने त्याने आपल्या श्रोत्यांकडे पाहून, आपल्या गळ्याला विचारून ठरवावयाचे असते. मडीने एकच गाणे तीनदा गायले. खोपटात, गुत्त्यात आणि स्टुडिओत. तिन्ही वेळा समोरचा माणूस बदललेला होता. त्याने आवाज बदलला, गाणे सोडले नाही. आपल्या जन्माची चार उत्तरे देणारे ते गाणे आणखी चार उत्तरे पचवून गेले असते.

नाना गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचा मुलगा गोंधळ घालतो. पेटी आणि कर्ण्यासह घालतो. यंदाच्या संमेलनाचे निमंत्रण घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेलो होतो. येतो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "गुरुजी, पेटी आणू का?"

मी आण म्हणालो. पण त्याला हे विचारावे लागले, हे माझ्या मनातून गेलेले नाही.